शेजाऱ्याचं फाटक आणि आपला कुत्रा: भांडण मिटवायला मिळणाऱ्या वस्तूंची झाडाझडती

कुत्र्याच्या शी-शूवरून शेजाऱ्याशी वाजलं की पुण्यात दोन प्रकारची खरेदी होते. फाटकाच्या आतला माणूस कुत्रा पळवून लावायच्या वस्तू आणतो: फवारे, डांबर गोळ्या, आवाजाची यंत्रं, लाल पाण्याच्या बाटल्या आणि अर्थातच पाटी. पट्टा हातात धरलेला बाहेरचा माणूस घाण उचलायच्या वस्तू आणतो, निदान त्यानं आणायला हव्यात. दोन्ही गटांतलं जे काही सहज मिळतं ते इथे तपासलं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. पहिल्या गटावरचा खर्च बहुतेक वाया जातो. दुसऱ्या गटात महागड्या वस्तूपेक्षा स्वस्त वस्तू बऱ्याचदा सरस ठरते.

कुत्रा शू करायची जागा निवडतो ती वासावरून. उभी वस्तू, साधारण नाकाच्या उंचीवर, आधीच्या कुत्र्याची खूण असलेली: फाटकाचा खांब, कोपऱ्याची भिंत, गाडीचं चाक. चाक तर शहरभर फिरून आलेलं असतं, त्यामुळे त्याचं आकर्षण जास्तच. ती खूण शिल्लक आहे तोवर पुढचा कुत्रा तिथे थांबणारच, मग वर काहीही टांगा. शीचं गणित वेगळं. तिला पायाखाली मऊ, शोषून घेणारी जागा लागते: गवत, कंपाउंडलगतची मातीची पट्टी, रिडेव्हलपमेंटच्या साइटबाहेर पडलेला क्रश सँडचा ढीग. ढीग तुमच्या फाटकासमोर असेल तर बिल्डरकडून त्यावर ताडपत्री टाकून घ्या आणि कडेला विटा ठेवायला लावा. या परीक्षणातली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू म्हणजे ही ताडपत्री.

पिशव्या

कुत्र्यासाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या साधारण २३ बाय ३३ सेंटीमीटरच्या असतात, एका गुंडाळीत पंधरा ते वीस. लॅब्राडॉरपर्यंत हे माप पुरतं. ग्रेट डेन किंवा सेंट बर्नार्ड असेल तर पिशवीत हात घालून उलटवल्यावर गाठीला जागा उरत नाही, तिथे मोठं माप घ्या. जाडी पंधरा मायक्रॉनच्या खाली असेल तर नखानं भोक पडतं. पाकिटावर जाडी छापलेली नसेल तर ते पाकीट खाली ठेवा.

जाडीपेक्षाही महत्त्वाचा तळाचा जोड. सपाट जोडाच्या पिशव्या दोन कोपऱ्यांत गळतात. तळ दुमडून चांदणीसारखा एकत्र चिकटवलेला असेल तर कोपराच उरत नाही, म्हणून तो घ्यावा. तपासायचं सोपं आहे: पिशवीत अर्धा लिटर पाणी भरून मोरीवर दोन मिनिटं धरा. जोडावर थेंब जमला तर तीच पिशवी जुलाब झालेल्या कुत्र्यामागे काय करेल हे वेगळं सांगायला नको. आणखी एक बारकावा: तोंड कुठलं ते दाखवणारा बाण छापलेल्या पिशव्या घ्या. डिसेंबरच्या कोरड्या सकाळी, एका हातात पट्टा असताना, पिशवीचं तोंड चिमटीनं उघडत नाही, आणि नेमक्या त्याच अडचणीत माणूस इकडेतिकडे बघून पुढे चालू लागतो.

‘बायोडिग्रेडेबल’ या शब्दाला पैसे देऊ नका. त्यातल्या बऱ्याचशा पिशव्यांचे उन्हात नुसते तुकडे होतात. ‘कम्पोस्टेबल’ हवी असेल तर पाकिटावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक आणि आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक शोधा. हे प्लास्टिक मक्याच्या स्टार्चसारख्या घटकांपासून बनतं, स्पर्शाला मऊ आणि किंचित चिकट लागतं, आणि ताणलं तर लांबीच्या दिशेनं फाटतं. उष्णता आणि दमट हवा दोन्हींनी ते लवकर जुनं होतं. स्वस्त पडतात म्हणून वर्षभराचा साठा केला तर पावसाळ्यानंतरच्या गुंडाळ्या उलगडतानाच फाटतात. शिवाय त्या खऱ्या अर्थानं कुजायला अठ्ठावन्न-साठ अंशांचं तापमान बराच काळ टिकावं लागतं. सोसायटीच्या कोपऱ्यातल्या खतखड्ड्यात ते टिकत नाही. म्हणून प्रमाणित पिशवी घ्या, पण ती टाकली की विरघळली अशा समजुतीत राहू नका.

फुकटातला पर्याय म्हणून पूर्वी भाजीच्या पातळ पिशव्या वापरल्या जात. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १२० मायक्रॉनच्या नियमानं ३१ डिसेंबर २०२२ पासून त्या बाद आहेत. अजून कुठे कुठे मिळतात हे खरं, पण त्यांवर भिस्त ठेवू नये. त्यांच्याऐवजी ब्रेडचं वेष्टन छान चालतं. एक लिटर दुधाची धुतलेली पिशवी जाड आणि भरवशाची असते, फक्त तोंड अरुंद. वर्तमानपत्राची दुहेरी घडी कोरड्या रस्त्यावर घट्ट शीला पुरते, जुलै-ऑगस्टमध्ये तिचा लगदा होतो.

शी पातळ असेल तर पिशवीनं थेट उचलायला जाऊ नका, ती फासली जाते. आधी मूठभर कोरडी माती, राख किंवा लाकडाचा भुसा टाका, अर्धा मिनिट थांबा, मग जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यानं गोळा करून पिशवीत लोटा. उरलेल्या डागावर पाणी. पुठ्ठाही त्याच पिशवीत.

आता ती पिशवी टाकायची कुठे? पुण्यात खरी अडचण इथे आहे. पावसाळी गटारात टाकली तर ती ओढ्यातून नदीत जाते. ओल्या कचऱ्यात टाकली तर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई तो कचरा हातानं वेगळा करतात, त्यांच्या हाताला ही पिशवी लागते. सॅनिटरी कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत इथे रुजलेली आहे. कुत्र्याची पिशवीही तशीच गुंडाळून वेगळी द्या, आणि पहिल्या दिवशी ताईंना ती काय आहे हे सांगा. त्याहून चांगलं म्हणजे घरी येऊन शी संडासात टाकून फ्लश करायची आणि फक्त रिकामी पिशवी गुंडाळून द्यायची. पिशवी मात्र फ्लश करायची नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. सोसायटीच्या खतखड्ड्यातही शी नको. गोल जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात आणि ते खत शेवटी कुणाच्या तरी कुंडीत जातं.

शी ताबडतोब उचलण्यामागे निव्वळ सभ्यतेचा प्रश्न नाही. ताज्या शीतली गोल जंतांची अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, त्यांना मातीत काही आठवडे लागतात. अंकुशकृमीच्या अळ्या मात्र ओलसर मातीत आठवडाभरात तयार होऊन अनवाणी पायाच्या कातडीतून शिरू शकतात. त्याच दिवशी उचललेली शी म्हणजे या दोन्ही गोष्टी मुळातच टळल्या.

चिमटे आणि सुपल्या

जबड्यासारखा उघडणारा, मुठीत खटका असलेला चिमटा दिसायला देखणा. गवतावरच्या घट्ट शीला तो ठीक. पेव्हर ब्लॉकवर त्याचे दाते फटीत अडकतात, पातळ शी दात्यांत बसते आणि मग चिमटाच धुवायला अर्धी बादली पाणी लागतं. बिघडतो तो नेहमी एकाच ठिकाणी: बिजागरीपाशी. तिथलं प्लास्टिक तडकतं किंवा स्प्रिंग गंजून ढिली पडते. घ्यायचाच तर बिजागरीत स्टीलची पिन आहे ना ते बघा आणि जबड्यावर पिशवी अडकवायची खाच असलेला घ्या.

वयस्कर माणसांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी उभ्या दांड्याची सुपली आणि छोटं खोरं अशी जोडी उत्तम. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत केर भरायची लांब दांड्याची पत्र्याची सुपली मिळते. ‘पेट’ असं लिहिलेल्या जोडीपेक्षा ती स्वस्त आणि टिकाऊ. सुपलीत जुना कागद अंथरला की धुणंही वाचतं.

वास धुणं

खरे पैसे इथे घालावेत आणि चुकाही सगळ्यात जास्त इथेच होतात. ताज्या मूत्राला फारसा वास नसतो. त्यातला युरिया जिवाणू फोडतात, अमोनिया तयार होतो आणि उग्र वास सुटतो. सोबतीला गंधकाची काही संयुगं असतात. माणसाच्या नाकाला वास गेला म्हणजे कुत्र्याच्या नाकाला गेला असं नाही.

फिनाईल हा आपला सार्वत्रिक उपाय. तो वास झाकतो, काढत नाही. मांजरांना फिनॉलवर्गीय रसायनं विशेष बाधतात, कारण त्यांचं यकृत ती नीट निकामी करू शकत नाही. ओल्या फिनाईलवर पाय ठेवून ते चाटणारं मांजर आजारी पडतं, आणि भांडण कुत्र्यावरून सुरू होऊन मांजरावर जातं. अमोनिया असलेले क्लीनर तर टाळाच, त्यानं जागेचा वास आणखी मूत्रासारखा होतो. ब्लीच थेट मूत्रावर ओतलं की डोळे-नाक झोंबणारा क्लोरामाइन वायू निघतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन. बंद पार्किंगमध्ये हा प्रकार जिवावर बेतू शकतो. ब्लीचचा एकच रास्त उपयोग आहे: आवारात पार्व्हो (कुत्र्यांचा विषाणूजन्य, जुलाबाचा संसर्गजन्य रोग) झालेला कुत्रा येऊन गेला असेल, तर जागा आधी धुऊन मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं.

एन्झाइमची द्रावणं खरोखर काम करतात. बाटलीत एकतर तयार एन्झाइम असतात किंवा ती बनवणारे जिवाणू, आणि वासाचा कच्चा माल तेच खाऊन संपवतात. बाटलीवर ‘युरिक ॲसिडचे स्फटिक विरघळवते’ असं मोठ्या अक्षरांत असतं, तिकडे लक्ष देऊ नका. कुत्र्याचं शरीर युरिक ॲसिडचं बहुतांशी ॲलॅन्टॉइन, म्हणजे पाण्यात सहज विरघळणारा पदार्थ, करून टाकतं, डाल्मेशियन ही जात अपवाद. म्हणजे हा दावा नीट लागू पडतो तो डाल्मेशियन पाळणाऱ्याच्या शेजाऱ्यालाच. लेबलवर बघायचं ते इतकंच: उत्पादनाची तारीख (जिवाणूंचं द्रावण जुनं झालं की मंदावतं), पातळ करायचं प्रमाण आणि किती वेळ ओलं ठेवायचं ते. सुगंध जितका कमी तितकं चांगलं.

‘एन्झाइमनं काही फरक पडला नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. कारणं जवळजवळ नेहमी तीनच असतात. आधी फिनाईल मारलेलं असतं आणि ते न धुता वर द्रावण टाकलं जातं, जिवाणू तिथेच मरतात. फवारणीनं वरवर ओलं केलेलं असतं, मूत्र मात्र सांध्यांतून आत उतरलेलं असतं. आणि भर दुपारी काम केलेलं असतं. एप्रिलच्या उन्हात फाटकाचा खांब दहा मिनिटांत खडखडीत वाळतो, वाळला की काम थांबलं.

म्हणून संध्याकाळी ऊन उतरल्यावर सुरुवात करा. बादलीभर साधं पाणी आणि नायलॉनचा खरखरीत ब्रश, साबण नको. तारेचा ब्रश सिमेंटवर चरे पाडतो आणि त्या चऱ्यांत वास मुरतो. पाणी निथळू द्या. मग मगानं द्रावण ओता, एका खांबाला पाव लिटर तरी. डाग दिसतो त्याच्या बाहेर वीतभर आणि जमिनीपासून दोन फुटांपर्यंत. सगळ्यात जास्त द्रावण खांबाच्या पायथ्याशी हवं, कारण मूत्र ओघळून तिथेच साचतं आणि पेव्हरच्या फटीत शिरतं. त्यावर भिजवलेलं गोणपाट गुंडाळा, वरून प्लास्टिकचा कागद, आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गोणपाट काढून खांब तसाच सोडा. झाडू-पोछा करणाऱ्यांना आठवडाभर तिथे फिनाईल न टाकायला सांगा, नाहीतर सगळं मुसळ केरात. मुरलेल्या जागेला हे दोन-तीनदा करावं लागतं.

डाग नेमके कुठवर आहेत हे कळत नसेल तर अतिनील टॉर्च उपयोगी पडतो. तपकीर गल्लीत नोटा तपासायचे जे स्वस्त टॉर्च मिळतात ते बहुधा ३९५ नॅनोमीटरचे असतात, त्यांचा जांभळा उजेडच इतका की डाग बुडून जातो. ३६५ नॅनोमीटरचा मागा आणि अंधार पडल्यावर वापरा. कपड्यांची पावडर सांडलेली जागाही चमकते, तिला डाग समजू नका.

जुन्या पुण्यातल्या घरांसाठी एक ताकीद. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. तिच्यावर व्हिनेगर, लिंबू किंवा संडासचं ॲसिड पडलं की फेस येतो, म्हणजे दगड विरघळत असतो. पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी मूत्र आणखी खोल मुरतं. कोटा आणि संगमरवर यांनाही तेच लागू. व्हिनेगरचा घरगुती उपाय ग्लेझ्ड टाइलवर चालेल, शहाबादीवर अजिबात नाही.

वास पूर्ण गेल्यावर खांबाच्या पायथ्यापासून अडीच फुटांपर्यंत गुळगुळीत टाइल लावून घ्या, सांधे एपॉक्सीनं भरा. कुत्रा कधीतरी पुन्हा येईल, पण मग तांब्याभर पाण्यात जागा स्वच्छ होते. (देवांच्या चित्रांच्या टाइल माणसांसाठी असतात. कुत्रा सर्व धर्मांना समान लेखतो.) लोखंडी फाटकाचा खालचा पाइप मूत्रातल्या क्षारांनी आतूनही गंजतो. खरवडून रेड ऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन हात द्या.

कुत्रा फिरवणाऱ्यानं विकत घ्यायचं द्रावण याहून सोपं: पाणी. एक लिटरच्या बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं चार-पाच भोकं पाडा आणि फाटकावर किंवा चाकावर शू झाली की लगेच ओता. मिनिटाभरात ओतलेलं अर्धा लिटर पाणी दुसऱ्या दिवशीच्या एन्झाइमपेक्षा जास्त काम करतं. स्पेनमधल्या काही नगरपालिकांनी अशी बाटली बाळगणं सक्तीचं केलं आहे. एका फेरीत नर कुत्रा दहा-बारा ठिकाणी पाय वर करतो, प्रत्येकाला पाणी पुरणार नाही. म्हणून आधी मोकळ्या मातीवर मूत्राशय बऱ्यापैकी रिकामं होऊ द्या, फाटकांच्या ओळीतून जाताना पट्टा आखूड धरा.

पळवून लावणाऱ्या वस्तू

लाल पाण्याची बाटली. पेठांतल्या ओट्यांपासून सहकारनगरच्या बंगल्यांपर्यंत हिचा प्रसार आहे. कुत्र्याला निळा आणि पिवळा हे रंग नीट दिसतात. लाल त्याला मळकट करडा-तपकिरी दिसतो. म्हणजे निवडलेला रंगच चुकीचा. निळीची बाटली त्याला दिसते तरी, पण घाबरत तिलाही नाही. खर्च शून्य, उपयोगही तितकाच.

डांबर गोळ्या ठेवू नका. नॅफ्थॅलीन कुत्र्याच्या, मांजराच्या किंवा लहान मुलाच्या पोटात गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मिरचीपूड वाऱ्यानं आधी आपल्याच डोळ्यांत जाते, आणि जनावराला मुद्दाम इजा करणं हा १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ॲसिड किंवा विष घालण्याची भाषा करणाऱ्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ दाखवा: जनावर मारणं किंवा अपंग करणं, पाच वर्षांपर्यंत कैद.

सिट्रोनेलाचे फवारे ताजे असताना काही कुत्र्यांना नकोसे वाटतात. उन्हात काही तासांत उडून जातात, पावसात तर लगेच. रोज सकाळ-संध्याकाळ मारायची तयारी असेल तर घ्या. आणि नव्या वासावर आपली खूण करायची सवय असलेले कुत्रेही असतात, त्यांना हे निमंत्रण ठरतं.

आवाजाची यंत्रं वीस किलोहर्ट्झच्या वरचा आवाज काढतात. कुत्र्याला तो ऐकू येतो, त्याचे कान साधारण पंचेचाळीसपर्यंत जातात. पण ऐकू येणं आणि निघून जाणं यांत फरक आहे. इतका उंच आवाज अंतराबरोबर झपाट्यानं कमी होतो, उभी गाडी किंवा भिंत आली की अडतो, आणि काही दिवसांत कुत्र्याला त्याची सवय होते. सेन्सर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक रिक्षाला पेटतो, बॅटरी संपते. सौरवाली घेतली तर फाटकावरच्या गुलमोहराखाली ती चार्जच होत नाही. घेऊ नका.

हालचालीवर पाणी उडवणारा फवारा हा या गटातला एकमेव कामाचा प्रकार. त्याला नळीत सतत दाब लागतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून साधारण एक बार दाब मिळतो, एकमजली बंगल्याच्या गच्चीवरून त्याच्या जेमतेम निम्मा. एवढ्यावर पाणी नुसतं ठिबकतं. छोटा प्रेशर पंप जोडला तर चालतं, पण मग पहाटे पेपर टाकणारा मुलगा भिजतो. उन्हाळ्यात पाणीकपात चालू असताना रस्त्यावर पाणी उडवणाऱ्या घराबद्दल लोक काय बोलतील, तेही धरून चाला.

पाटी आणि कॅमेरा

पाटी कुत्रा वाचत नाही, मालक वाचतो, म्हणून ती माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी. पायाशी लावलेली पाटी फक्त भिजते. सनबोर्ड एका पावसाळ्यात वाकतो. तीन मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम कंपोझिट पत्र्यावर चिकटवलेलं व्हिनाइल काही वर्षं टिकतं, पश्चिमेचं ऊन लागत असेल तर लाल अक्षरं टाळा, तीच सगळ्यात आधी उडतात.

मजकुराबद्दल थोडं पुण्याच्या अभिमानाविरुद्ध बोलावं लागेल. खोचक पाटीचा फोटो निघतो, तो व्हॉट्सॲपवर फिरतो, पण पिशवी खिशातून बाहेर येत नाही. ‘पिशव्या इथे, डबा कोपऱ्यावर’ एवढंच लिहून खाली खिळ्याला गुंडाळी अडकवलेली पाटी टोमण्याच्या पाटीपेक्षा जास्त चालते. ज्याची पिशवी विसरली आहे त्याची सबब संपते.

कॅमेरा पुराव्यापुरता ठीक. अडीच मीटर उंचीवर, आपल्या फाटकाकडे रोखलेला, समोरच्याच्या दारात नाही. खांबाला अगदी लागून बसवला तर रात्री इन्फ्रारेडचा उजेड खांबावरून परत येऊन चित्र पांढरं होतं. फुटेज आधी त्या माणसाला एकट्याला दाखवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की विषय शीचा राहत नाही.

फिरवायला ठेवलेला माणूस आणि सोसायटीचा डबा

सकाळी कुत्री फिरवायला महिन्यावर माणूस ठेवायची पद्धत औंध-बाणेरच्या टॉवरमध्ये सर्रास आहे. ठरवताना वेळ आणि पगार बोलला जातो, पिशवीचं नाव निघत नाही. तपासायची सोपी युक्ती: दिवसाला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला निदान चाळीस ते साठ पिशव्या संपायला हव्यात. पंधराची एक गुंडाळी महिनाभर पुरत असेल तर बाकीचं कुणाच्या तरी फाटकाशी आहे. पिशव्या मालकानं द्याव्यात, त्या माणसाच्या पगारातून नाही. एका वेळी चार-चार कुत्री नेणारा माणूस टाळा, उरलेल्या तिघांना सांभाळत तो वाकणार कसा?

सोसायटीत खांबावर पिशव्यांचा डबा आणि खाली झाकणाचा कचराडबा अशी तयार जोडी मिळते. पहिल्याच आठवड्यात पिशव्या गायब होतात, कारण त्या स्वयंपाकघरातल्या डब्याला छान बसतात. एका वेळी एकच पिशवी सुटेल असं तोंड असलेला घ्या. मध्यम आकाराचा कुत्रा दिवसाला साधारण पाव किलो शी करतो. पंधरा कुत्र्यांच्या सोसायटीत पावणेचार किलो झाले, म्हणजे डबा रोज रिकामा व्हायलाच हवा. ते काम कुणाचं आणि त्याचे जादा पैसे किती, हे डबा बसवण्याआधी हाउसकीपिंगच्या करारात लिहा. तळमजल्याच्या बेडरूमखाली डबा बसवला तर नवं भांडण विकत घेतलं म्हणून समजा.

नोटीस बोर्डावर ‘दंड ५०० रुपये’ लिहिणाऱ्या सेक्रेटरींसाठी: भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटी आपल्या ठरावानं असा दंड लावू शकत नाही, कुत्रे पाळायला बंदी घालू शकत नाही, लिफ्टचं वेगळं शुल्कही घेऊ शकत नाही. घाण उचलायची विनंती करू शकते. दंडाचा अधिकार महापालिकेचा आहे. तिच्या स्वच्छता उपविधींत पाळीव प्राण्याची घाण उचलणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि तक्रार क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य निरीक्षकाकडे किंवा महापालिकेच्या ‘पीएमसी केअर’ ॲपवर जाते. तक्रारीत तारीख, वेळ आणि जागेचा फोटो हवा. ‘नेहमीच असं होतं’ एवढ्यावर कुणी हलत नाही.

भटक्या कुत्र्यांना यातलं काहीच लागू पडत नाही, तिथे कळीचा मुद्दा खाण्याची जागा. पोटात अन्न गेलं की आतडी हलतात, त्यामुळे खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणि बहुधा जवळपासच शी होते. घालणारे ताई-दादा जिथे भात घालतात त्याच्या आसपासची फाटकं घाण होणार हे ठरलेलं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायट्यांनी खाण्याची जागा ठरवावी अशी तरतूद आहे, जिन्याच्या तोंडाशी किंवा मुलं खेळतात तिथे नाही. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही प्रत्येक प्रभागात अशा ठरावीक जागा करायला सांगितलं. जागा ठरवताना शंभर पावलांवर मोकळी माती आहे ना ते बघा, भात कागदावर किंवा परातीत घाला, वीस मिनिटांनी उरलेलं उचला. पाळीव कुत्र्यालाही हेच लागू: फेरीच्या अर्धा तास आधी खायला घातलं आणि फाटक ओलांडण्याआधी स्वतःच्याच आवारातल्या मातीवर पाच मिनिटं थांबलं, तर पिशवी बहुतेक वेळा घरातच लागते.